बसऱ्याचा बिल्ला

पदकावर माणसाचं नाव असतं, नंबर असतो, पलटण असते. तो कसा मेला ते नसतं. सगळ्याच सरकारी पदकांची ही रीत आहे, आणि आमच्या घराण्याला ती शंभर वर्षं फार सोयीची पडली.

घरात त्याला कुणी पदक म्हणत नाही, 'बिल्ला' म्हणतात. काळपट पडलेल्या काशाचा चार टोकांचा तारा. वरच्या टोकाच्या जागी मुकुट, मागे एकमेकींवर तिरक्या दोन तलवारी, भोवती पानांची गुंफण आणि मधल्या पट्टीवर १९१४-१५ हे आकडे. पाठ सपाट आहे. तिच्यावर इंग्रजी अक्षरांत आमच्या परदादांचा नंबर, हुद्दा, नाव आणि मराठा पलटण. नावाचं स्पेलिंग साहेबानं असं काही केलंय, की हे आमचेच परदादा हे फक्त आम्हालाच ओळखता यावं. १९१५ साल संपायच्या आत जे रणभूमीवर प्रत्यक्ष पोहोचले, त्यांच्यासाठी हा तारा काढला होता. साडेतेवीस लाखांच्या आसपास तारे वाटले गेले. तेव्हा वस्तू म्हणून त्यात अप्रूप काही नाही. लहानपणी आम्ही भावंडं त्याला हात लावायला गेलो की दादी ओरडायची, "नको छूव रे, हात काले होते!"

आमचं गाव महाळुंगे पडवळ. तालुका आंबेगाव, जिल्हा पुणे. पुणे-नाशिक रस्त्यावर मंचर सोडलं की कळंब लागतं, तिथून आत वळायचं. गावात मुसलमानांची घरं मोजकी. घरात आम्ही दखनी बोलतो, उंबऱ्याबाहेर पाऊल पडलं की मराठी, आणि बैलाशी तर पूर्वीपासून मराठीच. गावाचं नाव महाराष्ट्रात माहीत आहे ते बाबू गेनूंमुळे. त्यांच्याविषयी पुढे बोलूच. पण परगावी आम्ही 'आमचे परदादा मराठा पलटणीत होते' असं म्हटलं, की समोरचा एकदा आमच्या नावाकडे बघतो आणि एकदा तोंडाकडे. म्हणून आधी तो खुलासा करून टाकतो.

त्या काळच्या मुंबई लष्करात मराठा म्हणून ज्या पायदळ पलटणी होत्या, त्यांच्यात सगळे मराठेच होते असं नाही. १०३ नंबरची, ११० नंबरची, अशा पलटणींत आठ कंपन्यांपैकी दोन 'दख्खनी मुसलमान' या नावानं भरल्या जात. बाकीच्या देशावरच्या आणि कोकणातल्या मराठ्यांच्या. इंग्रजानं माणसांच्या जाती लावून कंपन्या केल्या होत्या, कणगीत वेगवेगळं धान्य भरावं तशा. पण तंबू एकाच मैदानात, दुपारचं ऊन एकच, आणि शिव्या देण्याची भाषाही एकच, मराठी. मुलाणी, शेख, पठाण, इनामदार, आतार अशा आडनावांची पोरं त्या दोन कंपन्यांत असत. जुन्नरचा पूर्वी प्रसिद्ध असलेला हातकागदाचा धंदा गिरणीच्या कागदानं बसवला होता, आमच्यासारख्यांची जमीन म्हणजे भावकीत वाटून उरलेले दोन तुकडे, आणि पाऊस भरवशाचा नाही. महायुद्धाआधी शिपायाला महिना अकरा रुपये पगार होता. परदादा धर्मासाठी गेले नाहीत, राजासाठी गेले नाहीत आणि देशासाठीही गेले नाहीत. अकरा रुपयांसाठी गेले. घरातल्या बायकांनी हे कधी लपवलं नाही. "लाम पर गये थे, पैसे के वास्ते," एवढंच दादी सांगायची. लाम म्हणजे लढाई.

लपवलं ते पुढचं. पुरुषांनी सांगितलेली हकिकत अशी, की बसऱ्याच्या पुढे तुर्कांशी लढाई चालू होती, परदादा सगळ्यांच्या पुढे होते आणि तोफेचा गोळा छातीवर येऊन पडला. आमच्या दादांनी ती अब्बांना सांगितली, अब्बांनी आम्हाला. सांगताना प्रत्येकानं तोफ थोडी थोडी मोठी केली. बायकांची हकिकत निराळी होती. परदादींना पलटणीतून परत आलेल्या एका शेजारगावच्या शिपायानं खरं काय ते सांगितलं होतं. त्यांनी ते सुनेला सांगितलं आणि सुनेनं, म्हणजे दादीनं, लेकींना. "पेट चला था उनका. पंधरा दिन में गये." हगवण. पत्र्याच्या पेटीत पलटणीच्या कचेरीतून आलेला जो कागद होता, त्यावरही इंग्रजीत हेच होतं: डिसेंट्री, बसरा, १९१६. कागद पुरुषांच्या ताब्यात आणि हकिकत बायकांच्या ताब्यात, त्यामुळे दोन्हींची गाठ कितीतरी वर्षं पडली नाही.

आता, हगवणीनं मेलेला बाप कुणाला सांगावासा वाटेल? पटकीनं मेला म्हटलं तरी जरा बरं, तिला निदान साथीचा दरारा आहे. हगवण या शब्दालाच वास येतो. शिपाई गडी, कमरेला पट्टा, डोक्याला फेटा, आणि मेला कसा तर लोटा हातात घेऊन. गावच्या पारावर हे चालण्यासारखं नव्हतं. म्हणून तोफ आली.

पण इराकमधल्या त्या मोहिमेचा जमाखर्च पाहिला तर परदादा एकटे नव्हते हे कळतं. मेसोपोटेमिया म्हणून इतिहासात जी आघाडी ओळखली जाते, तिथे ब्रिटिश साम्राज्याच्या फौजेतली सुमारे पंधरा हजार माणसं लढाईत आणि जखमांनी मेली, आणि साडेबारा हजारांहून अधिक नुसत्या रोगराईनं. मेलेल्यांत दुसऱ्या-तिसऱ्या माणसाला शत्रूनं मारलंच नव्हतं. त्याला पाण्यानं मारलं, माशीनं मारलं, भाजीवाचून मारलं. आणि ज्या सरकारनं त्याला तिथं नेलं त्या सरकारच्या काटकसरीनं मारलं. हे आम्ही रागानं म्हणत नाही, खुद्द विलायत सरकारनं नेमलेल्या आयोगाच्या १९१७ सालच्या अहवालाचा सूरच तसा आहे. त्या अहवालानंतर भारतमंत्री ऑस्टेन चेंबरलेन यांना राजीनामा द्यावा लागला.

झालं असं, की नोव्हेंबर १९१४ मध्ये सहावी पुणे डिव्हिजन इराकच्या किनाऱ्यावर उतरली. नावच पुणे डिव्हिजन. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी होत्या. त्याच महिन्यात बसरा पडलं. काम तेलाच्या नळाच्या राखणीचं होतं, तेवढ्यावर थांबले असते तर परदादा कदाचित म्हातारे होऊन मेले असते. पण जनरल टाउनशेंडच्या हाताखाली फौज तैग्रिस नदीच्या काठाकाठानं वर वर गेली, बगदाद घ्यायला. १९१५ च्या नोव्हेंबरात बगदादच्या अलीकडे टेसिफोनला तुर्कांनी अडवलं. साडेचार हजारांच्या आसपास माणसं मेली, जखमी झाली किंवा हरवली. त्या जागेचं आपल्याकडचं नाव सलमान पाक. पैगंबरांचे साथी हजरत सलमान फारसी यांची मजार तिथे आहे. आंबेगाव तालुक्यातल्या मुसलमान शिपायाला सलमान फारसींच्या दारात नेलं ते हातात बंदूक देऊन, आणि समोर कोण, तर खलिफाचे शिपाई.

परदादा त्याच सुमारास आजारी पडले. जखमी आणि आजारी सगळेच नदीतून खाली बसऱ्याला पाठवायचे होते. इस्पितळाच्या बोटी जवळपास नव्हत्याच. सामान नेणाऱ्या बोटींच्या उघड्या फळ्यांवर माणसं एकमेकांना चिकटून निजवली. अशी एक बोट, मेजिदिए तिचं नाव, तेरा दिवसांनी बसऱ्याला लागली तेव्हा मेजर कार्टर नावाचे हिंदुस्थानी वैद्यकीय सेवेतले डॉक्टर काठावर उभे होते. त्यांना लांबून वाटलं, बोटीच्या कडेनं दोर लोंबतायत. जवळ आल्यावर पाहिलं तर ती वाळलेली विष्ठा होती. हगवण लागलेल्या, हाडं मोडलेल्या माणसांना जागचं हलता येत नव्हतं, आणि कठड्याबाहेर होईल तेवढं होत होतं. कार्टरनी हे वरिष्ठांना सांगितलं तेव्हा त्यांनाच दम भरण्यात आला. पुढे आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली, म्हणून आज आपल्याला माहीत.

आम्ही हा मजकूर पहिल्यांदा वाचला तेव्हा कुणी कुणाशी बोललो नाही. आमची आपा उठून आत गेली. तशाच एका बोटीतून परदादा बसऱ्याला आले होते. तोफेचा गोळा त्यापेक्षा बरा होता असं त्या दिवशी आम्हा सगळ्यांना वाटलं. दादा-अब्बांनी तोफ का आणली ते त्या दिवशी नीट समजलं.

एक खरं, की आजारी पडून ते एका मोठ्या संकटातून सुटले. मागे राहिलेली फौज कुत-अल-अमारा या नदीच्या वळणावरच्या गावात शिरली आणि ७ डिसेंबर १९१५ ला तुर्कांनी वेढा पक्का केला. १४७ दिवस. धान्य संपत आलं तेव्हा घोडे कापायला सुरुवात झाली. गोऱ्यांनी खाल्ले. हिंदू खाईनात, मुसलमानही खाईनात. टाउनशेंडनं तारा पाठवून हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंकडून परवानगी आणवली. तरीही पुष्कळ दिवस माणसं अडून राहिली, कारण भीती धर्मगुरूची नव्हतीच. घरी गेल्यावर लोक म्हणतील हा घोडं खाल्लेला, याच्या घरात मुलगी कशी द्यायची? हे वाचून आम्हाला हसू आलं आणि पटलंही. कोकणातल्या आमच्या शाफई भावांना घोडा चालतो, आम्हा हनफींना तो मकरूह. एवढ्या एका फरकावर आमच्याकडे अजूनही दोन तास वाद होऊ शकतो, मग पोटात आग असतानाही का होणार नाही?

कुतमधली रोगाची वाटणीसुद्धा विलक्षण होती. कर्नल हेहिर या मुख्य डॉक्टरांनी ती लिहून ठेवली आहे. गोरे शिपाई पांढऱ्या मैद्याचा पाव खात, त्यांना बेरीबेरी झाला. आपली माणसं कोंड्यासकट आटा खात, त्यांना बेरीबेरी झाला नाही. पण ताजं मांस नाही, भाजी नाही, म्हणून आपल्यांना स्कर्व्ही झाला. हिरड्या सुजायच्या, दात हलायचे, जुन्या जखमा पुन्हा उघडायच्या. घोड्याच्या ताज्या मांसानं गोऱ्यांना त्यातून वाचवलं. नदीकाठचा पाला, गवत खुडून शिपाई शिजवून खात, त्यातलं काही विषारीही निघे. एक लिंबू, एक टोमॅटो यानं जो रोग जातो, त्या रोगानं आमच्या भागातली पोरं खंगली. आज नारायणगावच्या बाजारात भाव पडला की टोमॅटो रस्त्यावर ओततात. त्याच्याशी याचा काही संबंध नाही हे आम्हाला कळतं. तरी तिकडून जाताना आठवतंच.

२९ एप्रिल १९१६ ला कुत पडलं. तेरा हजारांच्या आसपास माणसं तुर्कांच्या हाती गेली, बहुतेक हिंदुस्थानी. तिथून वाळवंटातून पायी चालवत नेलं, रेल्वेच्या कामावर लावलं. गोऱ्या शिपायांतले निम्म्याहून कितीतरी अधिक परत आले नाहीत. आपल्यांतलेही हजारो वाटेत गेले. तेव्हा परदादा बसऱ्याच्या मातीत जाऊन काही महिने झाले होते.

इथे एक प्रश्न येतो, आणि या अंकाच्या वाचकांपुढे तो टाळण्यात अर्थ नाही. १४ नोव्हेंबर १९१४ ला इस्तंबूलहून जिहाद पुकारला गेला होता. इंग्रज सरकारनं त्याआधीच जाहीरनामा काढून अरबस्तानातली आणि इराकमधली पवित्र ठिकाणं सुरक्षित राहतील असं मुसलमानांना सांगितलं होतं. तरी मनं स्वस्थ नव्हती. फेब्रुवारी १९१५ मध्ये सिंगापुरात मुसलमान शिपायांच्या पलटणीनं बंड केलं आणि ४७ जणांना गोळ्या घातल्या गेल्या. १९१६ मध्ये बसऱ्यातच १५ नंबरच्या रिसाल्यातल्या स्वारांनी तुर्कांवर चालून जायला नकार दिला आणि शिक्षा भोगल्या. मग आमचे परदादा? ते गेले, लढले, आजारी पडले, मेले. पुढे खिलाफतीची चळवळ आली तेव्हा ज्यांच्या घरात हा बिल्ला होता त्यांना मशिदीत काय ऐकावं लागलं असेल याची कल्पना करता येते. दादीनं एवढंच सांगितलं होतं, की परदादींनी कित्येक वर्षं पेटी उघडलीच नाही.

आमचे एक दूरचे चुलते मदरशात शिकलेले. त्यांच्यासमोर आम्ही हा विषय काढला. परदादा शहीद म्हणायचे की नाही? त्यांनी लगेच उत्तर दिलं नाही. मग म्हणाले, "लढाईचं सोडा, तिथे कोण कुणाच्या बाजूनं होता ते अल्लाह जाणे. पण पोटाच्या विकारानं मेला ना?" बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत ती हदीस आहे. ताऊन म्हणजे साथीनं मेलेला, पोटाच्या आजारानं मेलेला, बुडून मेलेला, भिंतीखाली दबून मेलेला आणि अल्लाहच्या वाटेत मेलेला, हे पाच शहीद गणले आहेत. म्हणजे जी गोष्ट आमच्या पुरुषांनी तीन पिढ्या झाकली, तिच्यातच त्यांना हवा होता तो मान होता. तोफेचा गोळा लागला असता तर उलट प्रश्न उभा राहिला असता. आमच्या फुफीनं हे ऐकलं आणि म्हणाली, "हम तो पहिले से बोल रहे थे, पेट चला था."

बिल्ल्याबरोबर आणखी तीन वस्तू आल्या होत्या. एक चांदीचं गोल पदक, त्यावर एका बाजूला पंचम जॉर्ज आणि दुसऱ्या बाजूला घोड्यावर बसलेला उघडा पुरुष. ही अशी पदकं सुमारे पासष्ट लाख निघाली. शिपायांना चांदीची, आणि मजूर तुकड्यांतल्या हमालांना वगैरे काशाची. मेल्यावरही धातूची प्रतवारी सुटली नाही. दुसरं सोनेरी मुलाम्याचं विजयपदक, इंद्रधनुष्यी फितीचं. ते कुणा पोराच्या हातून कधी तरी विहिरीत गेलं. आणि तिसरी, मेलेल्यांच्या वारसांना पाठवलेली मोठी काशाची चकती, तळहाताएवढी. तिच्यावर त्रिशूळ घेतलेली बाई, पायाशी सिंह, कडेनं इंग्रजी मजकूर, की हा माणूस स्वातंत्र्य आणि सन्मान यांसाठी मेला. खाली नाव, हुद्दा नाही. हुद्दा मुद्दाम गाळला होता, जनरल आणि शिपाई एकसारखे दिसावेत म्हणून. बाई आणि सिंहाची चित्रं असलेली वस्तू घरात नमाजाच्या खोलीत ठेवायची नाही म्हणून दादीनं ती स्वयंपाकघरात नेली आणि मिठाच्या बरणीवर झाकण म्हणून ठेवली. बरणीच्या तोंडाला ती चपखल बसायची. मिठानं तिला हिरवा गंज चढला. स्वातंत्र्य हा शब्द सगळ्यात आधी गेला.

चांदीचं पदक १९७२ च्या दुष्काळात गेलं. अडीच-तीन तोळे चांदी. दादा ते घेऊन मंचरला सराफाकडे गेले, आणि सराफानं वजन केलं तेव्हा कडेवरचं नाव वाचलं नाही. वाचण्याचं कारणही नव्हतं. त्या पैशांत ज्वारी आली. त्या साली रोजगार हमीच्या कामावर खडी फोडून माणसं जगत होती, आणि मेलेल्या माणसानं घरात आठ दिवसांचं धान्य आणून दिलं. परदादांनी अकरा रुपयांसाठी घर सोडलं होतं, तेव्हा हे त्यांच्याही हिशोबात बसलं असतं असं आम्हाला वाटतं. तारा राहिला तो काशाचा होता म्हणून. त्याला सराफानं घेतलंच नसतं.

बाबू गेनूंविषयी सांगायचं राहिलं. बाबू गेनू सैद आमच्या गावचे, जन्म १९०८ चा. आमचे दादा त्यांच्याहून पाच-सहा वर्षांनी लहान. दोन्ही घरांत पोरांच्या लहानपणीच बाप गेलेला, दोन्ही घरांत आयांनी कष्ट उपसले. आमच्या भागातून बाहेर पडायच्या वाटा तेव्हा दोनच, मुंबईची गिरणी नाहीतर पलटण. बाबू गेनू गिरणीत गेले. १२ डिसेंबर १९३० ला मुंबईत काळबादेवीच्या बाजूला परदेशी कापडाची लॉरी पोलीस बंदोबस्तात निघाली, ते आडवे झाले आणि लॉरी त्यांच्यावरून गेली. वय अवघं बावीस. डिंभे धरणाच्या जलाशयाला आज त्यांचं नाव आहे.

त्यानंतर बरोबर दोन महिन्यांनी, १२ फेब्रुवारी १९३१ ला, दिल्लीत व्हाइसरॉय आयर्विननं इंडिया गेटचं उद्घाटन केलं. सत्तर हजारांहून अधिक हिंदी शिपायांचं स्मारक. भिंतीवर नावं कोरली तेरा हजारांच्या वर. परदादांचं नाव आम्ही शोधलं, नाही. त्यांचा हिशोब बसऱ्याच्या स्मारकात लागतो. ज्यांची कबर सापडत नाही अशा साडेचाळीस हजारांवर माणसांचं ते स्मारक. तिथे गोऱ्यांची नावं कोरली, हिंदी अंमलदारांची कोरली. साध्या हिंदी शिपायांचे मात्र पलटणवार आकडे. अमुक पलटण, इतकी माणसं. तीस हजारांहून अधिक माणसं अशी आकड्यांत आहेत. परदादा त्या आकड्यातले एक. १९९७ मध्ये सद्दाम हुसेनच्या हुकमावरून ते अख्खं स्मारक उचलून नासिरियाच्या रस्त्यावर बत्तीस किलोमीटर लांब वाळवंटात नेऊन उभं केलं. एप्रिल २०२१ मध्ये ब्रिटनच्या युद्धकबरी आयोगानं कबूल केलं, की पंचेचाळीस ते चोपन्न हजार माणसांची, त्यांत हिंदी पुष्कळ, स्मृती इतरांच्या बरोबरीनं राखली गेली नाही. त्यांच्या संरक्षणमंत्र्यांनी पार्लमेंटात माफीही मागितली. आमच्या घरी ही बातमी आली तेव्हा करोनाची दुसरी लाट होती आणि गावात रोज कुणी ना कुणी आजारानं जात होतं. माफीकडे लक्ष द्यायला कुणाला सवड नव्हती.

आजारावरून आठवलं. १९१८ च्या जूनमध्ये मुंबई बंदरात उतरलेल्या शिपायांबरोबर इन्फ्लुएंझा आला आणि ऑक्टोबरात तो असा भडकला की मुंबई इलाख्यात दहा लाखांहून अधिक माणसं गेली. लोक एकेका चितेवर दोन दोन जाळत, कबरी खणायला माणूस मिळत नसे. त्या तापात परदादींची धाकटी मुलगी गेली. बापाला तिकडे रोगानं नेलं आणि लेकीला इकडे. तिच्यासाठी कुणी बिल्ला पाठवला नाही.

सगळं लिहायचं कारण वेगळंच. महायुद्धाची शताब्दी चालू होती तेव्हा, २०१४ ते १८ च्या दरम्यान, तालुक्यातल्या काही मंडळींनी गावोगावच्या शिपायांची यादी करायला घेतली. कल्पना चांगली होती. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे गावात पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या ४६ जणांची आठवण दगडावर आहे, तसं काही आपल्याकडे व्हावं. ते आमच्याकडे आले, बिल्ल्याचा फोटो काढला, चहा घेतला. त्यांच्या कागदावर 'वीरमरण' असा रकाना होता. एकानं विचारलं, लढाईत ना? आमच्या चचेरा भावानं खरं काय ते सांगितलं. ते म्हणाले, आजारानं गेलेल्यांचं नंतर बघू, आधी लढाईतले घेऊ.

आम्ही भांडलो नाही. पण त्या रात्री घरात भांडण झालं. चाचा, वय ऐंशीच्या आसपास, भयंकर चिडले. त्यांचं म्हणणं, तोफेची हकिकत शंभर वर्षं चालली, आणखी एकदा सांगितली असती तर काय बिघडत होतं? दगडावर नाव तर आलं असतं. ज्या माणसाचं नाव बसऱ्यात नाही, दिल्लीत नाही, त्याचं निदान गावात तरी आलं असतं. आणि चाचांचं म्हणणं वावगं नव्हतं. आमच्या भावकीचं नाव अशा यादीत असणं याला आजच्या दिवसांत किती किंमत आहे ते वाचकांना निराळं सांगायला नको. कुणी देशभक्तीचा दाखला मागितला तर दाखवायला दगड झाला असता. आपा म्हणाली, दाखला खोटा लिहून द्यायचा असेल तर मग मागणाऱ्याला तरी नावं कशाला ठेवायची? यावर चाचा काही बोलले नाहीत, पण चार दिवस आमच्याकडे जेवले नाहीत.

मग आम्ही त्या मंडळींना दोन पानी पत्र लिहिलं. त्यात वरचे सगळे आकडे घातले. पंधरा हजार आणि साडेबारा हजार. लिहिलं, की इराकच्या आघाडीवरून आजारानं गेलेले वगळले तर यादी जवळजवळ निम्मी होईल, आणि वगळले जातील त्यांत शेख जितके असतील तितकेच शिंदे आणि थोरातही असतील. त्यांच्याही घरांत तोफा असणारच. सरकारनं तारा देताना मरण कसं आलं ते विचारलं नव्हतं, तेव्हा तुम्हीही विचारू नका, आणि विचारायचंच असेल तर खरं ते लिहू द्या.

दोन महिन्यांनी नवा कागद आला. 'वीरमरण' खोडून हातानं 'मृत्यूचे ठिकाण व कारण' असं लिहिलं होतं. नाव आणि नंबर आम्ही ताऱ्याच्या पाठीवरून उतरवून काढला. ठिकाण बसरा. साल १९१६. कारणाच्या रकान्यात आपानं मराठीत 'हगवण' लिहिलं. वारसाची सही चाचांची हवी होती, वयानं तेच मोठे. त्यांनी चष्मा लावून कागद दोनदा वाचला, त्या शब्दावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "अतिसार लिखते तो जरा अच्छा दिखता." आपा म्हणाली, लिहिते. चाचा म्हणाले, "रहने दे." आणि सही केली.